दसऱ्याचे सोने



दसऱ्याच्या विजयकथा आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत. मी कापडाचा व्यापारी; मला हा सण प्रथम दिसला तो शेतकऱ्याच्या टोपीत. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात. दशमीपर्यंत वाढलेले त्याचे पिवळसर कोंब टोपीत खोवून मंडळी सीमोल्लंघनास निघतात. मूग-उडीद घरात आलेले, बाजरीची काढणी चाललेली आणि रब्बीची पेरणी तोंडावर, असा तो काळ. सणाचे मूळ मला या मातीतच दिसते.

आपट्याच्या पानांना सोने मानण्यामागे रघुराजाची कथा सांगतात. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात कौत्स गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी मागतो आणि कुबेर राजाच्या कोशागारात सुवर्णवृष्टी करतो. आपट्याचे झाड तेथे नाही. ती भर लोककथेची. राजा सर्व धन देऊ करतो, परंतु कौत्स दक्षिणेपेक्षा अधिक घेत नाही. व्यापाऱ्यास हे पचविणे कठीण, हे अनुभवाने सांगतो. (बाजारात आज पुष्कळदा आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याच विकल्या जातात, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.)

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. एरवी दसऱ्यास मागील उधारी चुकती होई आणि नवी लुगडी-धोतरे गाठोड्यात बांधली जात. त्या वर्षी शेतकरी रिवाजाप्रमाणे दुकानी आले, पण केवळ पाने घेऊन. वडिलांनी ती आदराने स्वीकारली, सर्वांची बाकी पुढे ओढली. एका वृद्ध शेतकऱ्यास मुलीच्या लग्नाचे कापडही उधारीवर दिले. दोन वर्षांनी त्याने स्वतःच हिशेब करून व्याजासह रक्कम आणली. वडिलांनी मुद्दल ठेवून व्याज परत केले.

पुढे बी.कॉम. होऊन मी गादीवर बसलो. त्याच शेतकऱ्याचा नातू एका नापिकीच्या वर्षी मुदत मागण्यास आला. मी मुदत दिली, परंतु व्याज पैन् पै वसूल केले. कायद्याने त्यात काही गैर नव्हते. त्यानंतर मात्र त्या घरचे कोणीही सोने देण्यास आमच्या दुकानाची पायरी चढले नाही. गतवर्षी मी स्वतः आपट्याची पाने घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने पाने घेतली, चहा दिला. जुन्या हिशेबाचा विषय दोघांनीही काढला नाही.