खुंटी नसलेलं घर



कवितेच्या माणसानं संगणकाच्या भानगडीत पडावं कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण घरातलंच आहे. माझी अम्मा जात्यावर ओव्या म्हणायची. तिच्या अखेरच्या वर्षांत मी त्यातल्या काही टेप करून ठेवल्या. पुढे वर्डप्रेस वापरून कवितांचं संकेतस्थळ केलं, तेव्हा त्या ओव्याही तिथं ठेवल्या. गावाकडच्या मावश्यांपासून दुबईतल्या भाच्यांपर्यंत सगळे त्या ऐकायचे.

एका रविवारी मी संकेतस्थळाची जुनी थीम काढून नवी बसवली. रूप देखणं झालं. पण ओवीपुढचं बटण दाबलं, तर आवाजच येईना. अम्मा मुकी झाली!

थीम म्हणजे घराची बांधणी आणि रंगरंगोटी. प्लगइन म्हणजे त्यात आणून बसवलेली उपकरणं. वर्डप्रेस २००३ साली सुरू झालं. २००४ च्या १.२ या आवृत्तीत प्लगइन आले आणि २००५ च्या १.५ मध्ये थीम आल्या. थीम लिहिणारा एक, प्लगइन लिहिणारा दुसरा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. तरी त्यांचं जमतं, ते 'हुक'मुळे. हुक म्हणजे आपली खुंटी. ठरलेल्या जागी खुंटी मारलेली असते. ज्याला जे टांगायचं, त्यानं ते तिथं टांगावं. काही खुंट्यांवर काम टांगतात, तिला म्हणतात 'ॲक्शन'. काहींवर मजकूर हाती येतो, तो बदलून परत द्यायचा; तो 'फिल्टर'.

मी आधी प्लगइनलाच दोष दिला. भाचा म्हणाला, "मामू, घाई नको. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा." मग त्यानं सगळे प्लगइन बंद करून एकेक चालू केला. बिघाड तसाच. वर्डप्रेससोबत येणारी साधी थीम लावली, आणि अम्माचा आवाज आला! म्हणजे प्लगइन निर्दोष होता. नव्या थीमची फाइल उघडली, तर पानाच्या तळाशी 'डब्ल्यूपी-फूटर' ही ओळच नव्हती. आवाजाची आज्ञावली नेमकी त्याच खुंटीवर लटकायची.

"खुंटीच नाही, तर कंदील टांगणार कुठं?" भाचा हसला.

ती ओळ मी थेट थीममध्ये लिहायला निघालो, तर त्यानं हात धरला. मूळ थीमची नवी आवृत्ती आली, की आपली दुरुस्ती पुसली जाते. म्हणून 'चाइल्ड थीम' करायची: मूळ थीम तशीच ठेवून बदललेली फाइल तेवढी वेगळी ठेवायची. तसं केलं.

मग आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिल्या पानावर कवितेचा उतारा आपोआप यायचा, तो सलग गद्यासारखा. वर्डप्रेस उताऱ्यासाठी शब्द मोजतं, मूळचे ५५. ओळी मोजत नाही. आता मी प्रत्येक कवितेचा उतारा स्वतः लिहितो; तो कापला जात नाही, ओळी राहतात. दुसरं, थीम करणाऱ्यानं अक्षरांत अंतर सोडलेलं. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटते. तेही चाइल्ड थीममध्ये शून्य केलं.

२०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून 'ब्लॉक थीम' आल्या. त्यांत या खुंट्या वर्डप्रेस स्वतःच मारतं. पण जुन्या पद्धतीच्या थीम अजून पुष्कळ वापरात आहेत. म्हणून नवी थीम लावण्याआधी ती वेगळ्या प्रतीवर तपासा. आणि एक पथ्य पाळा: जे आपलं धन आहे, कविता असो की ओव्या, त्याची व्यवस्था थीमवर सोपवू नका, प्लगइनकडे ठेवा. रंग बदलला म्हणून घरातली माणसं दिसेनाशी व्हायला नकोत.

त्या रात्री मी एकच ओवी तीनदा ऐकली. मग मोठ्या मावशीला फोन करून सांगितलं, "आता लावून बघ."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)