घळींतून पाण्याच्या वाटेनें

मेहकर तालुक्यांतील जानेफळासारख्या गांवीं मुलें पोहावयास शिकतात तीं बहुधा विहिरींत. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधावा, थोरांपैकीं कोणी काठावर उभें असावें, आणि भीति मोडली कीं वरून खुशाल सूर मारावा. अशा तरुणास घळींतून उतरण्याच्या खेळाची हकीकत सांगितली, तर त्याला त्यांत फारसें नवल वाटणार नाहीं. दोर, पाणी आणि उडी हीं तिन्ही त्याच्या परिचयाचीं. परंतु श्रोतेहो, विहिरीचें पाणी जागच्या जागीं असतें. घळ ही पाण्यानें आपल्यासाठीं केलेली वाट आहे, आणि तींतून जाणारा माणूस तेथें पाहुणा असतो.

हा खेळ नवख्यासहि शिकतां येईल अशी एक जागा महाराष्ट्रांत आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, रतनगडाच्या परिसरांत साम्रद नांवाचें गांव आहे. गांवापासून थोड्याच अंतरावर जमीन एकाएकीं दुभंगल्यासारखी दिसते. हीच सांदण दरी. लोणारच्या विवराच्या कडेला जो काळा पाषाण दिसतो, त्याच जातीच्या, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांत ती आहे. कांहीं ठिकाणीं ती अगदीं चिंचोळी होते. कडे मात्र शेंकडों फूट उंच. आंत शिरल्यावर पाण्याचे डोह आडवे येतात. ऋतुमानाप्रमाणें तें पाणी कधीं गुडघाभर, तर कधीं छातीइतकें. पुढें मोठमोठे धोंडे लागतात, आणि अखेर सुमारें चाळीस-पन्नास फुटांचा सरळ कडा येतो. तेथें पायांचें काम संपून दोराचें सुरू होतें.

कमरेच्या पट्ट्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी धातूची कडी अडकवितात. दोर तींतून वळवून घेतला कीं घर्षणामुळें माणसाचा भार एका हातानें आवरतां येतो. शरीर मागें झुकवावें, पावलें कड्यावर सपाट टेकावीं, आणि दोरावरील खालचा हात कदापि सोडूं नये. नवख्याचें मन नेमकें उलट सांगत असतें: कड्याला मिठी मार! मिठी मारली कीं पाय घसरतात व गुडघे सोलून निघतात. वर्गांत कोणाचें न ऐकणारा विद्यार्थीहि येथें शिकविणाऱ्याचा शब्द झेलतो.

उडीचा प्रकार निराळा. फ्रान्समध्यें एदुआर मार्तेल यांनीं १९०५ सालीं व्हेर्दों नदीची घळ पार केली. पुढें युरोपांत या छंदाला खेळाचें रूप आलें. तेथें कड्यावरून डोहांत उड्या घेतात, पण पाय खालीं व हात छातीशीं ठेवून. विहिरींतला सूर येथें वर्ज्य. पुरानें धोंडे सरकतात, गतवर्षींचा खोल डोह यंदां उथळ झालेला असतो. म्हणून वाटाड्या आधीं स्वतः पाणी चाचपून पाहतो.

मात्र खरी कसोटी उडींत नाहीं, दोरावरहि नाहीं. शेवटचा माणूस उतरला कीं दोर खालीं ओढून घेतात, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. त्या क्षणीं परतीची वाट संपते. म्हणून जावें कीं न जावें, हा विचार वरच झाला पाहिजे. आणि तो करतांना डोक्यावरील आकाश पाहून भागत नाहीं. घळींतून आकाशाची चिंधी तेवढी दिसते. पाऊस दूर वरच्या अंगाला पडतो, कातळ तो पीत नाहीं, आणि सारें पाणी त्या एका फटींत लोटतें. स्वित्झर्लंडमध्यें इंटरलाकेनजवळ झाक्सेटनबाख नांवाच्या ओढ्यांत २७ जुलै १९९९ रोजीं असाच लोंढा आला. २१ माणसें दगावलीं. त्यांत तीन वाटाडे होते. जाणत्यांचाहि अंदाज चुकला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्या देशानें पुढें अशा धाडसी सहली चालविणाऱ्यांसाठीं परवान्याचा कायदा केला व तो २०१४ पासून अमलांत आणला.

सांदण सोपी, ती हिवाळ्यांत व कोरड्या उन्हाळ्यांत. पावसाळ्यांत तेथें उतरूं नये, आणि अवकाळी ढग दिसल्यास साम्रदच्या माणसांस आधीं विचारावें. ते "आज नको" म्हणाले, तर दिलेल्या पैशांकडे पाहून हुज्जत घालूं नये. कोरड्या दिवशीं उतरलेल्या मंडळीस शेवटीं कडे दूर सरलेले दिसतात, आणि मग वाट ठाणे जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांतील डेहणे गांवाच्या बाजूस निघते. कित्येकजण ती चालण्याआधीं दरीच्या तोंडाशींच रात्र काढतात.