लगाम कुणाच्या हाती?

(गोसीखुर्द येथे महिला मंडळे व किशोरी गटांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'घोडेस्वारी' हा विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. गोसीखुर्द म्हटलं की धरण, बुडालेली शेती आणि पुनर्वसन हेच आपल्या तोंडी येतं. १९८८ साली पायाभरणी झाली तेव्हा ज्या पोरी होत्या त्या आज सासवा झाल्या. अशा गावात घोड्याचं काय काम?

काम आहे. दोन महिन्यांपूर्वी इथल्याच किशोरी गटात मी मुलींशी बोलत होते. नव्या गावठाणापासून शाळा लांब, तरी नववीतल्या एका मुलीची सायकल घरी उभी. तिची आई म्हणाली, "ताई, आजी म्हणते, सायकलीवर नि घोड्यावर बसणाऱ्या पोरीचं अंग खराब होते. उद्या लग्नात काही निघालं तर?" घरात घोडा नाही, गावात घोडा नाही, पण घोड्याची भीती मात्र घरात आहे!

ही भीती मलाही चुकली नाही. मी घोड्यावर बसायला शिकले चौतिसाव्या वर्षी. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने विचारलं, "मॅडम, घरच्यांना विचारलंय ना? अजून मूलबाळ व्हायचंय का?" माझ्यासोबत चाळिशीचे एक गृहस्थ शिकायला आले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पहिला आठवडा मला घोड्यावर बसूच दिलं नाही. खरारा करायचा, खूर साफ करायचे, दोरी धरून चालवायचं. तेव्हा राग आला, पण तोच खरा पाया होता. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी मागचं आणि कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. बोलत बोलत, त्याला दिसू अशा बेताने खांद्याकडून जायचं. कान पुढे असतील तर त्याचं लक्ष आहे, मागे चिकटले असतील तर तो चिडला आहे. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. तो बिथरतो तो बहुधा भीतीने, खोडीने नव्हे.

मग खोगीर. बसण्याआधी तंग आपल्या हाताने तपासायचा. दुसऱ्याने आवळला आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. डाव्या बाजूने चढायचं. रिकिबीत पाऊल चवड्यापर्यंतच घालायचं आणि टाच खाली ठेवायची, म्हणजे पडलो तर पाय अडकून फरफट होत नाही. डोक्याला शिरस्त्राण हवंच. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत, नजर पुढे. आधी चाल, मग दुडकी, आणि दौड फार नंतर. दुडकीला मी पहिल्या दिवशी पोत्यासारखी आदळत होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लगाम. तो ओढून घोडा आवरत नाही. घोड्याचं वजन सहज चारशे किलो असतं. ताकदीच्या खेळात पैलवानही हरेल. पायाने हलकं दाबायचं, घोड्याने ऐकलं की लगेच सोडायचं. ते सोडणं हेच त्याचं बक्षीस. नवा घोडा तयार करतानाही हेच तत्त्व: लांब दोरीवर गोल फिरवणं, आवाज ओळखवणं, पाठीवर आधी कापड, मग खोगीर, आणि माणूस शेवटी. म्हणजे हे काम तोल, धीर आणि समज यांचं आहे. यातलं काय बाईला जमणार नाही?

आता घोड्यांच्या जाती. आपल्या देशात मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडतात. मणिपुरी घोडा लहान चणीचा, पोलोसाठी प्रसिद्ध. झंस्कारी, स्पिती, भूतिया हे थंड डोंगराळ मुलखाचे. कच्छी-सिंधी वाळवंटातला. आणि आपली भीमथडी! भीमा नदीच्या खोऱ्यातली ही काटक तट्टं मराठ्यांच्या फौजेत होती.

आज ही तट्टं सांभाळतात ते मुख्यतः मेंढपाळ धनगर. दिवाळीनंतर पुणे-साताऱ्याकडचे वाडे मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, पावसाआधी परततात. भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं, कधी तान्हं मूलही घोड्यावर. ते लादणं, उतरवणं, घोडं हाकत पुढच्या मुक्कामाला नेणं हे बरंचसं बायकांचं काम. ही जात टिकली त्यात या बायांच्या श्रमाचा मोठा वाटा आहे. पण घोड्याची गोष्ट सांगताना आपण सरदारांची नावं घेतो, दोरी धरून चालणारीचं नाव घेत नाही.

तीच गोष्ट इतिहासाची. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाशी लढा चालवला. १८५८ मध्ये लक्ष्मीबाई झाशीहून घोड्यावरून काल्पीला पोचल्या. त्यांचे फोटो आपण भिंतीवर लावतो आणि त्याच भिंतीआड मुलीची सायकल बंद ठेवतो. बाहेर तरी काय वेगळं होतं? ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत बायकांना प्रवेश मिळाला १९५२ साली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवलं. पोलिओने त्यांचे पाय गुडघ्याखाली निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. आज या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. २०२३ मध्ये हांगझो इथे भारताच्या चौघांच्या संघाने आशियाई सुवर्ण जिंकलं, त्यात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या.

आता त्या आजीच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. योनीपटल प्रत्येकीचं वेगळं असतं. खेळताना, सायकल चालवताना, घोड्यावर बसताना ते ताणलं किंवा फाटलं जाऊ शकतं. काहींचं संबंधानंतरही तसंच राहतं. त्यावरून 'कौमार्य' ओळखताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलं. बलात्कारित स्त्रीची 'दोन बोटांची चाचणी' करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. गरोदरपणी पडण्याचा धोका असतो म्हणून घोडा टाळावा, हे खरं. पण त्या नऊ महिन्यांच्या काळजीसाठी जन्मभराची बंदी घालायची का? मुलीचं अंग खराब होत नाही. तिच्या अंगावर पहारा बसवणाऱ्यांची पकड सैल होते, एवढंच होतं.

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची हौस. बरोबर आहे, शिकवणीचे पैसे मलाही जड गेले. घोड्याला जातही चिकटली आहे. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला वरातीसाठी न्यायालयात जावं लागलं, आणि वरात पोलीस बंदोबस्तात निघाली. उंचावर कुणी बसायचं हे आपल्याकडे जात, पैसा आणि पुरुषपण ठरवतं. म्हणूनच हा प्रश्न आपला आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना एवढं सांगते की एनसीसीत पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या घोडदळाच्या तुकड्या असतात. चौकशी करा, आम्ही सोबत येऊ.

पण सुरुवात घोड्यापासून नको. त्या आईशी आणि आजीशी मी परत बोलले, या वेळी स्वतःचं सांगून. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमाले कोणी सांगतलंच नाही ना, माय." सायकल अजून पूर्ण सुटलेली नाही, शनिवारी तेवढी बाहेर निघते. या शिबिरातून परत जाताना प्रत्येक मंडळाने आपल्या गावातली अशी एक बंद सायकल शोधावी आणि त्या घरी जाऊन बसावं. पुढच्या बैठकीत त्याचाच हिशेब घेऊ.