थेरगाव ते कासारसाई, सायकलवर

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावातून सायकल काढली की डांगे चौकाची वर्दळ आडवी येते. म्हणून उजाडतानाच, कंपन्यांच्या बस रस्त्यावर येण्याआधी निघावं. पुनावळ्याच्या भुयारी मार्गाने महामार्ग ओलांडला की जांबे, नेरे करत कासारसाई धरणाकडे जाता येतं. टॉवर मागे पडतात आणि भातखाचरं सुरू होतात. पावसाळ्यात इथं इंद्रायणी भात डोलतो. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. थंडीत मात्र उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून जपा, कारण संत तुकाराम साखर कारखाना याच परिसरात आहे. ट्रॉलीला वळणावर कधीच ओलांडू नका.

येताना दारुंब्रे, सांगवडे असं पवना नदीच्या सोबतीनं यावं. थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यावर आपण पाहतो तीच ही पवना, पण इथं तिच्या काठावर मळे आहेत. मला हा परतीचा रस्ता जास्त आवडतो.

इमारती दरवर्षी पुढं सरकताहेत. महापालिका आणि नियोजनकारांना विनंती आहे, या गावरस्त्यांचं रुंदीकरण करताना सायकलसाठी वेगळी पट्टी आधीच राखा. आणि श्रोतेहो, हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंक्चरचं सामान विसरू नका.