मधली जागा



'दूरक्रिया' हा विषय मी कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "म्हणजे हे कामगार चळवळीविषयीच ना?" त्यांचा काही दोष नाही. ज्याचे आयुष्य गेटसभांत आणि वाटाघाटींत गेले, त्याने पदार्थविज्ञानावर बोलायला उभे राहावे हे जरा विचित्रच. माझे शालेय शिक्षण बेताचे. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, एक बैठक संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळात. तेव्हा मी आपल्यापुढे शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर एका प्रश्नाच्या मागे लागलेला वाचक म्हणून उभा आहे.

प्रश्न असा. एक वस्तू येथे आहे, दुसरी तेथे. मध्ये काहीच दिसत नाही. तरीही पहिलीचा परिणाम दुसरीवर होतो. तो परिणाम मधली जागा ओलांडतो तरी कसा? काहीही मध्ये नसताना, आणि क्षणाचाही वेळ न लागता असा परिणाम घडतो असे मानले, म्हणजे त्याला दूरक्रिया म्हणतात.

ह्या प्रश्नाची गोडी मला माझ्या धंद्यानेच लावली. कारखान्यात काही वाईट घडले की एक ठरलेले वाक्य कानी येते : "वरून आदेश आला." हे 'वरून' म्हणजे कोठून? आदेश काही पावसासारखा पडत नाही. कोणत्या तारखेचे पत्र, खाली सही कोणाची, कोणाच्या टेबलावर ते किती दिवस पडून होते, हे विचारीत गेले की शेवटी एक हाडामांसाचा माणूस सापडतो. आणि माणूस सापडला की बोलणी करता येतात. विज्ञानाचा इतिहास मी ह्या डोळ्यांनी वाचला आहे. जाणकारांनी तेवढी सूट द्यावी.

भरती-ओहोटीपासून सुरुवात करू. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला पंचांग न उघडता ठाऊक असते. चंद्राचा आणि पाण्याचा संबंध दर्यावर्दी लोकांनी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखला. पण गॅलिलिओसारखा महापुरुष मात्र हे मानायला तयार नव्हता! १६३२ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने भरतीचे कारण पृथ्वीच्या गतीत शोधले, आणि केप्लरसारखा बुद्धिमान मनुष्य चंद्राची पाण्यावरची सत्ता मानतो याचे नवल केले. गॅलिलिओ येथे चुकला. तरी त्याचा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. चंद्र पाणी ओढतो म्हणता, तर दोरी कोठे आहे, असे त्याला वाटत होते. दोरी दाखवल्यावाचून ओढ मान्य केली तर मग ग्रहांनी माणसांची नशिबे ओढावीत हेही मान्य करायचे काय?

न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम दिला. चंद्र, भरती आणि झाडावरून पडणारे फळ, सारे एका हिशेबात बसले. दोरी मात्र त्यालाही दाखवता आली नाही, आणि त्याचे शल्य त्याच्या मनात होते. १६९३ साली बेंटली नावाच्या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले, की कोणाच्याही मध्यस्थीवाचून एका जड वस्तूने पोकळीपलीकडच्या दुसऱ्या वस्तूवर परिणाम करावा ही गोष्ट इतकी असंबद्ध आहे, की विचार करू शकणारा कोणीही मनुष्य ती स्वीकारणार नाही. पुढे १७१३ सालच्या आवृत्तीत त्याने नियम पुरेसा आहे असे सांगितले आणि कारणाविषयी तर्क करण्याचे नाकारले. गुरूची ही अडचण शिष्यांनी मात्र सिद्धांत करून टाकली. १७८५ च्या सुमारास कूलोंने विद्युत्भारांचा नियम मोजून काढला, तो हुबेहूब गुरुत्वाकर्षणाच्याच साच्याचा निघाला. मग काय, मध्ये काही नसते आणि काही लागतही नाही, असे मोठमोठे गणिती खुशाल म्हणू लागले. चळवळींतही असेच होते. पुढाऱ्याचा निर्णय खालपर्यंत पोहोचतो, त्याची शंका पोहोचत नाही.

आता ज्या माणसाविषयी बोलताना माझे भान हरपते, त्याच्याकडे येतो. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, जन्म १७९१. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. सात वर्षे तेथे राबला, आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता शिकला. विश्वकोशाच्या एका खंडातला विद्युतेवरचा लेख त्याने असाच बांधणीच्या टेबलावर वाचला. गणित त्याला अखेरपर्यंत येत नव्हते, आणि माझ्या मते ह्या विषयात तेच त्याच्या पथ्यावर पडले. गणितींना दोन टोके दिसत, दोघांतले अंतर दिसे, आणि सूत्र तयार होई. फॅरडेची नजर मधल्या जागेवर होती. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवला की वाकड्या रेषा उमटतात, हे आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. दुसऱ्यांना ती गंमत वाटे. फॅरडे म्हणाला, ह्या बलरेषाच खऱ्या आहेत. चुंबकाभोवतीची जागा रिकामी नाही.

१८३७ साली त्याने ह्याची कसोटी घेतली. धातूचा एक गोल, त्याच्याबाहेर दुसरा पोकळ गोल, दोघांमध्ये फट. अशा दोन सारख्या जोड्या. एकीच्या फटीत हवा, दुसरीत लाख. परिणाम जर खरोखरच मधल्या जागेची दखल न घेता पलीकडे उडी मारीत असेल, तर फटीत काय भरले आहे ह्याने काही बिघडू नये. पण बिघडले. लाख भरली की विद्युत्भार अधिक मावू लागला. गंधक भरले की आणखी वेगळे प्रमाण. म्हणजे मधली वस्तू ह्या व्यवहारात सामील होती. आपल्या घरच्या पंख्यात जो कंडेन्सर असतो, त्याच्या पत्र्यांमध्ये काय घातले आहे ह्यावर त्याची ताकद ठरते, हे कोणताही वायरमन सांगेल. त्यामागे ही लाखेची फट आहे.

विद्वानांनी फॅरडेच्या प्रयोगांना मान दिला आणि त्याच्या रेषांकडे कौतुकमिश्रित दुर्लक्ष केले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा तरुण गणिती मात्र त्या रेषा गंभीरपणे घेऊन बसला. १८५७ साली म्हाताऱ्या फॅरडेने त्याला एक पत्र लिहिले. गणिताने जे निष्कर्ष तुम्ही काढता, ते आम्हा प्रयोग करणाऱ्यांना वापरता येतील अशा साध्या भाषेत का मांडू नयेत, अशी त्यात पृच्छा आहे. हे पत्र प्रत्येक विद्यापीठाच्या दारावर लावावे असे मला वाटते! मॅक्सवेलने १८६५ साली ज्या समीकरणांचा निबंध प्रसिद्ध केला, त्यांतून असे निघाले की विद्युत् आणि चुंबक यांचा परिणाम लाटेने पसरतो, आणि त्या लाटेचा वेग मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाशी जुळतो. हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये त्या लाटा प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. त्या लाटा ईथर नावाच्या पदार्थातून जातात अशी समजूत होती. तो ईथर काही सापडला नाही. क्षेत्र मात्र राहिले, आणि त्याबरोबर विलंबही राहिला. परिणाम पोहोचायला वेळ लागतो, म्हणजे तो वाटेत कोठेतरी असतो.

आईन्स्टाईनने १९१५ साली हाच न्याय गुरुत्वाकर्षणाला लावला. न्यूटनच्या हिशेबाने सूर्य अचानक नाहीसा झाला तर पृथ्वी त्याच क्षणी मोकळी सुटेल. आईन्स्टाईनच्या हिशेबाने आणखी आठ मिनिटे आणि काही सेकंद ती आपल्या वाटेने फिरत राहील, कारण सूर्य गेल्याची वार्ताच तोवर आलेली नसेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वलहर अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी टिपली. ही यंत्रे एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहेत. लहर आधी लुइझियानात आली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यात. ह्या उशिरावरूनच ती कोणत्या दिशेने आली ते काढता येते. यंत्रे जितकी अधिक आणि दूर दूर, तितकी दिशा नेमकी. ह्याच कामासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ असे यंत्र उभारायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या आहेत.

शरीरशास्त्रातही हीच कथा घडली. दोनच उदाहरणे देऊन पुढे जातो. बोट दुखले की मनाला तत्क्षणी कळते असे वाटे. १८५० साली हेल्महोल्ट्‌झने बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला. तो सेकंदाला तीस मीटरच्या आसपास, म्हणजे आगगाडीच्या तोलाचा निघाला! पुढे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू कापले, तरी त्यात आम्ल सोडताच स्वादुपिंडाचा रस पाझरू लागला. तारा तोडल्या तरी निरोप पोहोचला, कारण तो रक्तातून वाहत गेला होता. ज्यांना आपण संप्रेरके म्हणतो त्यांचा शोध येथून सुरू झाला.

आता आपल्यापैकी कोणी जाणकार मनात म्हणत असेल, की क्वांटमचे काय? प्रश्न रास्त आहे. चपलांचा जोड दोन पिशव्यांत टाकून एक पिशवी नागपूरला धाडली, आणि येथे उजवी चप्पल निघाली, तर नागपुरात डावी असणार हे तत्काळ कळते. त्यात चमत्कार नाही. पिशवीत काय आहे ते आधीच ठरलेले होते. जोडीने निर्माण झालेल्या कणांचेही असेच असावे, असा आईन्स्टाईनचा आग्रह होता. १९६४ साली जॉन बेलने दाखवले, की कणांची उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि एका टोकाचा परिणाम दुसऱ्या टोकावर प्रकाशाहून वेगाने होत नसेल, तर दोन टोकांच्या जुळणीला एक मर्यादा पडते. क्लाउझर, आस्पे, त्साइलिंगर ह्यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली, आणि २०२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चपलांचा दाखला तेथे पुरत नाही. पण ह्या वाटेने निरोप धाडता येत नाही, हेही तितकेच पक्के आहे. प्रत्येक टोकाला नुसती बेशिस्त आकड्यांची वही दिसते. दोन्ही वह्या साध्या टपालाने एकत्र आणल्या तरच जुळणी दिसते. ह्याचा अर्थ काय, ह्यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. 'क्वांटम'चे नाव लावून दूरस्थ उपचार विकणारे मात्र फार खात्रीने बोलतात. फी घेतात ती तेवढी जवळून.

शेवटी जो विषय घेतो, त्यात मधल्या जागेच्या अज्ञानाची किंमत आपल्याच लोकांनी मोजली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. पण तो एका देहातून दुसऱ्या देहात जातो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते. कोणी म्हणे जमिनीतून, कोणी हवेतून, कोणी कपड्यालत्त्यातून. मधली जागा अशी अंधारात असली की उपाय ज्याच्यावर सोपा त्याच्यावर केला जातो. गटारांत कार्बोलिक ओतले, खोल्यांना चुना फासला, उजेड यावा म्हणून कौले काढली, सामान जाळले, आजाऱ्यांना ओढून नेले, बाकीच्यांना छावणीत कोंडले. १८९७ साली पुण्यात घराघरांत सोल्जर शिरले आणि त्याचा शेवट रँडच्या वधात झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईतून लाखो माणसे गावी पळाली; गिरण्यांना हात मिळेनात, तेव्हा रोजचा पगार रोज देण्याची पाळी मालकांवर आली. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. उंदीर तेथे पोसत होते. धुण्या-पुसण्याने ते मरत नव्हते, शेजारच्या घरात जात होते.

पॉल-लुई सीमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९७ साली मुंबईत आला. मेलेल्या उंदरांकडे आणि आजाऱ्यांच्या अंगावरच्या बारीक फोडांकडे त्याचे लक्ष गेले. जून १८९८ मध्ये कराचीला त्याने काचेच्या भांड्यात पिसवांनी भरलेला, प्लेगने मरू घातलेला उंदीर ठेवला. त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरी दुसरा प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र आजारी उंदराच्या सहवासातही निरोगी उंदराला काही होईना. फटीतून जाणारा सापडला होता. पण पुष्कळांनी सीमाँवर विश्वास ठेवला नाही.

१९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत त्यांनी गिनीपिगांचे पिंजरे टांगले, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. दोन्हीकडे हवा तीच. दोन इंचांवरचे प्राणी प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. पिसू काही इंचांपलीकडे उडी मारू शकत नाही.

सीमाँचा निबंध पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात १८९८ सालीच छापला गेला होता. पॅरिसहून मुंबईला टपाल तेव्हा काही आठवड्यांत येई. आयोगाचे काम सुरू व्हायला सात वर्षे लागली, आणि त्या सातांतल्या १९०४ ह्या एकाच वर्षी हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे दगावली.