म्हाताऱ्या पोपटाची देखभाल

आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पण अनेक घरांत कॉकटील किंवा आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट आहेत. कॉकटील १५ ते २० वर्षं, तर ग्रे ४० वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणून पोपटाचं म्हातारपण सांभाळायची तयारी हवी.

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते, 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. पेलेट्सच्या, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्यगोळ्यांच्या, जोडीला गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्या. मात्र खाणं हळूहळू बदला. एकदम बदललं तर तो उपाशी राहील. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट त्याला विषासारखे. चहा-कॉफी आणि खारट पदार्थही नकोत.

सांधे आखडले, की बसायच्या काठ्या खाली आणा, वेगवेगळ्या जाडीच्या लावा, तळाशी कागदाचा जाड थर अंथरा. थंडीत ऊब द्या. पक्षी आजार लपवतो. म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत टिपून ठेवा. वजन घटलं किंवा तो पिसं फुगवून बसून राहिला, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. जन्मभर आपल्यावर विसंबलेल्या जीवाचा तेवढा हक्क आहेच.