गुण यंत्राचे की खोलीचे?



आपापल्या संगणकाच्या वेगाचे गुण लोकांनी एकमेकांस कळवावेत आणि तुलना करून मगच खरेदीस निघावे, यासाठी आम्ही तिघा मित्रांनी एक ॲप तयार केले. काम सोपे वाटले. चाचणीची आज्ञावली संगणकास ठरावीक कामे देते आणि लागलेल्या वेळावरून गुण काढते. ते गोळा करावयाचे, उतरत्या क्रमाने मांडावयाचे. यात अडचण ती कसली? त्या पहिल्या यादीच्या भरवशावर एका विद्यार्थ्याने वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढवून लॅपटॉप घेतला.

महिन्याभराने तो आमच्याकडे आला. यादीत त्याच यंत्राला जे गुण होते, त्याच्या निम्मेही त्याला मिळेनात. आम्ही आधी दुकानदारावर संशय घेतला. पण यंत्रात खोट नव्हती. मुलगा पत्र्याच्या खोलीत, वैशाखातल्या भरदुपारी, चार्जर काढून चाचणी घेत होता. यादीतले गुण कोणी थंड खोलीत, चार्जर लावून मिळवले होते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवतो, आणि बॅटरीवर असता वीज वाचवण्यासाठी बहुधा हात आखडतो. यंत्राचे म्हणून आम्ही जे गुण मांडत होतो, त्यांत खोलीचेही गुण मिसळले होते. वडील रागावले नाहीत, याचीच आम्हांस अधिक लाज वाटली.

दुसरा घोटाळा गणिताचा. समजा, एक काम पहिला संगणक 10 सेकंदांत करतो, दुसरा 20. दुसरे काम पहिला 40 सेकंदांत, दुसरा 20. पहिल्यास प्रमाण धरले तर दुसऱ्याचा वेग अर्धा आणि दुप्पट, म्हणजे सरासरी सव्वापट. दुसरा जिंकला! आता दुसऱ्यास प्रमाण धरा; पहिलाही सव्वापटच भरतो. ज्याच्या हाती तागडी, त्याला हवा तो जिंकणार. फ्लेमिंग आणि वॉलेस या दोघांनी 1986 साली याच चुकीवर बोट ठेवून, अशा गुणोत्तरांसाठी भूमितीमध्य घ्यावा असे दाखवले. तो घेतला की दोन्ही यंत्रे बरोबरीत सुटतात. हे आम्ही आधी वाचावयास हवे होते, वाचले नव्हते.

आणि लबाडी? ती या विद्येइतकीच जुनी असावी. 1989 साली ‘स्पेक’ या संस्थेने काढलेल्या चाचण्यांत मॅट्रिक्सच्या गणिताचे एक काम होते. कंपायलरवाल्यांनी नेमके तेच काम हेरून असे सुधारले की, यंत्र तेच असून त्या एका कामाचे गुण अनेक पटींनी चढले. 1992 च्या संचातून ते वगळावे लागले. याला लबाडी म्हणावे की हुशारी, यावर आम्हा तिघांचे एकमत नाही. पण 2013 साली काही मोठ्या कंपन्यांचे फोन चाचणीचे ॲप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवतात असे उघडकीस आले, त्याला मात्र दुसरा शब्द नाही. चाचणीचे नाव बदलून ती चालवताच गुण खाली आले. परीक्षक दिसला की पाठ म्हणणारी पोरे आपण पाहिलीच आहेत.

मग आम्ही ॲप पुन्हा लिहावयास घेतले. प्रथम प्रत्येकाकडून दहा प्रश्नांची उत्तरे मागितली. परिणाम असा की नोंदी येणेच जवळजवळ थांबले. बँकेचा अर्ज भरावयास कोणी हौसेने येत नाही. तेव्हा चार्जर जोडला आहे का, मेमरी किती, प्रोसेसरचे तापमान काय, हे जेथे यंत्रच सांगू शकते तेथे ॲप त्यालाच विचारते. माणसास एकच प्रश्न उरला: खोली कशी आहे? चाचणी एकदाच न घेता लागोपाठ घेतो, म्हणजे तापल्यावर यंत्र कोठे येऊन थांबते तेही दिसते. पहिला क्रमांक कोणाचा, हे आता आम्ही सांगत नाही. त्यावरून काही मंडळी रुसून गेली.

त्या विद्यार्थ्याची नोंद आम्ही ठेवली आहे. ‘पत्र्याची खोली, दुपार, बॅटरीवर’ असा शेरा घेऊन ती त्याच यंत्राच्या थंड खोलीतल्या नोंदीशेजारी उभी आहे.